टाळ कुणासाठी वाजतो?

(शतकमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



विणेकरी बाबा, मृदंगी, टाळकरी, पताकावाले, डोईवर तुळस आणि हंडा घेऊन चालणाऱ्या मायमाउल्या, स्वयंपाकाच्या ट्रकवर आणि पाण्याच्या टँकरवर राबणारी पोरं, आणि गावातले सगळे लहानथोर, सर्वांच्या चरणी आमचा दंडवत.

दिंडीला शंभर वर्षं झाली. ज्यांनी ही दिंडी उभी केली त्यांच्यातलं आज कुणी हयात नाही, पण त्यांनी लावून दिलेली शिस्त आहे. ओळ मोडायची नाही, दुसऱ्याच्या पायावर पाय द्यायचा नाही, आणि चोपदाराचा दंड वर गेला की गप्प व्हायचं. कमिटीच्या मंडळींनी आम्हाला चार शब्द बोलायला सांगितलं. विषय विचारला, तर म्हणाले, "महाराज, तुम्ही काहीही बोला, फक्त राजकारण नको." आम्ही म्हटलं, बरं. पण माउली, आपण राजकारण नको म्हणून दार लावून घेतलं तरी ते खिडकीतून आत येतंच की! मुक्कामाच्या गावात चहाच्या टपरीवर बसावं, तर समोर टीव्हीत चौघेजण एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात. रस्त्याने चालावं, तर दर फर्लांगावर एक फ्लेक्स. त्यावर हात जोडलेले पुढारी, आणि विठोबा कोपऱ्यात एवढासा. तेव्हा आज आम्ही पक्षाचं बोलणार नाही, पण पुढाऱ्यांच्या संतापाबद्दल बोलणार आहोत. हे कीर्तन नाही, म्हणून अभंगही लावलेला नाही. साधं बोलणं आहे, ऐकून घ्या.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. राग येणं हे पाप नाही. आपले संत काही मऊ मेणाचे नव्हते. ढोंगी बुवा, लुबाडणारे सावकार, सोवळ्याचा तोरा मिरवणारे, यांच्यावर तुकोबारायांची वाणी कशी कडाडली हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अन्याय दिसला आणि राग आला नाही, तर त्या माणसात काहीतरी मेलेलं आहे. मग प्रश्न काय? प्रश्न एवढाच, की समोरचा जो संतापलाय तो खरंच संतापलाय, की सोंग आणतोय, हे आपण साध्या माणसांनी ओळखायचं कसं? सोन्याला कसोटीचा दगड असतो. संतापाला कुठला?

माउली, तो दगड आपल्या वारीतच आहे. रोज संध्याकाळी आपण तो बघतो, पण इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्याकडे लक्ष जात नाही. ज्ञानोबारायांच्या पालखीची समाज आरती आठवा. पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एका दमात वाजत असतात, कानठळ्या बसतात. मग चोपदार दंड वर करतो, 'होऽऽ' म्हणून आरोळी देतो, आणि एका क्षणात सगळं शांत होतं. सगळं म्हणजे सगळं? नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. कुणाची जागा दुसऱ्याने घेतली, कुणाचा चालण्याचा क्रम मोडला, कुणाला पाणी मिळालं नाही. चोपदार त्या टाळाच्या आवाजाकडे चालत जातो, तक्रार ऐकतो, मानकऱ्यांपुढे मांडतो, निवाडा होतो. निवाडा झाला की टाळ थांबतो. शेवटचा टाळ थांबल्यावर मग हरवल्या-सापडल्या वस्तू सांगतात, उद्या पालखी किती वाजता हलणार ते सांगतात, आणि आरती होते.

यात काय काय आलं बघा. ज्याची तक्रार आहे तोच वाजवतो, बाकीच्यांनी उगाच साथ द्यायची नाही. तक्रार चार जणांत कुजबुजायची नाही, सगळ्या समाजापुढे मांडायची. चोपदार विचारत नाही की तुझी दिंडी रथाच्या पुढची की मागची. आणि निवाडा झाला की थांबायचं. निवाडा झाल्यावरही जो टाळ कुटत बसेल, त्याला आपण काय म्हणू? आणि आपल्याच सोयऱ्याच्या दिंडीने दुसऱ्याची जागा बळकावली म्हणून जो टाळ खाली ठेवेल, त्याला काय म्हणू?

आता हाच दगड घ्या, आणि आधी खऱ्या सोन्यावर घासून बघू. त्यासाठी लांब जायला नको, आपल्या पंढरीतच जाऊ.

चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. कूस ढासळलं आणि ते त्याखाली गेले. ही १३३८ सालची गोष्ट. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. विठोबा ज्यांना आपला म्हणत होता, त्यांना माणसांनी मात्र आत घेतलं नाही. आणि त्यांच्या मागून त्यांचे जातभाई सहाशे वर्षं बाहेरच राहिले. आपण आत जाऊन पायावर डोकं ठेवायचं, आणि त्यांनी बाहेरून कळस बघायचा. टाळ त्यांच्याही हातात होता, नाम त्यांच्याही मुखात होतं.

पुढे काँग्रेससारखी मोठी संघटना देशात उभी राहिली. दलितांवरची बंधनं दूर करा असा ठराव तिने १९१७ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात केला. पुढे भाषणं झाली, सभा झाल्या, परिषदा झाल्या. १९४६ साल उजाडलं तरी पंढरीचं दार काही उघडलं नव्हतं. तीस वर्षं होत आली. बोलणारे सगळे मोठे होते, पण स्वतःच्या गावात, स्वतःच्या आळीत, स्वतःच्या मतदारांपुढे दार उघडा म्हणायची वेळ आली की घसा बसायचा.

तेव्हा साने गुरुजी उठले. गुरुजी कोण? कोकणातल्या पालगडचे, खानदेशात अमळनेरला मास्तर, काँग्रेसचेच कार्यकर्ते, तुरुंगात जाऊन आलेले, जातीने ब्राह्मण. म्हणजे ज्यांच्या विरुद्ध बोलायचं ते सगळे त्यांचेच. धर्म त्यांचा, जात त्यांची, पक्ष त्यांचा, देव त्यांचा. त्यांनी आधी उपोषण जाहीर केलं. सहकारी म्हणाले, आधी लोकांना समजावू. ते त्यांनी मानलं आणि महिनोन्‌महिने महाराष्ट्र पालथा घातला. गावोगाव सभा घेतल्या. कुठे पाणवठा खुला झाला, कुठे गावातलं देऊळ खुलं झालं. पंढरीचं दार तरीही बंदच. मग १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजी उपोषणाला बसले.

आता सोंगी माणूस असता तर काय केलं असतं? बाहेर कुणी शत्रू शोधला असता. इंग्रज होतेच की अजून! सगळं खापर त्यांच्यावर फोडता आलं असतं, टाळ्याही पडल्या असत्या. गुरुजींनी तसं केलं नाही. कायदा होतोय, जरा थांबा, असं सांगणारे होते. स्वातंत्र्य दाराशी आलंय, आत्ताच हे कशाला, असं म्हणणारे होते. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे खुद्द गांधीजींची तार आली, उपोषण सोडा म्हणून. त्यांच्यापर्यंत चुकीची माहिती गेली होती. ज्या माणसाला गुरुजी देवासारखं मानत होते, त्यांचा शब्द आला, तरी गुरुजी जागचे हलले नाहीत. गांधीजींना शिव्याही दिल्या नाहीत, वेगळा पक्षही काढला नाही. नम्रपणे सांगितलं आणि उपाशी राहिले. शेवटी दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी संमती दिली, आणि १० मे ला उपवास सुटला.

आता समाज आरतीचा दगड लावा. तक्रार खरी होती. समाजापुढे मांडली. आपल्याच माणसांच्या विरुद्ध मांडली. त्यासाठी अंगावर झीज सोसली. आणि निवाडा झाला तसा टाळ थांबला. अकराव्या दिवशी गुरुजींनी विजयाची मिरवणूक काढून बडव्यांच्या दारात गुलाल उधळला नाही. संताप असा असतो, माउली. त्याला आपलं-परकं कळत नाही, आणि त्याची किंमत बोलणारा स्वतः मोजतो.

गाडगेबाबांचंही तेच. गावात आले की आधी झाडू हातात, रस्ता झाडायचा, आणि मग रात्री कीर्तन. लोकांच्या घाणीवर तेही चिडायचे, पण दिवसभर स्वतः झाडलेलं असायचं, म्हणून लोक मुकाट्याने ऐकून घ्यायचे. पंढरीत त्यांनी उभी केलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. ज्याच्या हातात झाडू आहे त्याला कचऱ्यावर बोलायचा अधिकार आहे.

आता दुसऱ्या बाजूला वळू. आम्ही कुणा एका पक्षाचं उणं काढणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एकच पक्ष सोंगाडा असता तर फार सोपं होतं, त्याला पाडलं की झालं.

पेट्रोलचंच घ्या. १९७३ च्या नोव्हेंबरात पेट्रोलचे भाव वाढले म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले. तेव्हा सरकार इंदिराबाईंचं. पुढे दिवस पालटले, वाजपेयींच्या पक्षाचं सरकार आलं. २०२१ साली पेट्रोल शंभरीच्या वर गेलं. तेव्हा ३ ऑगस्टला राहुल गांधी आणि विरोधी खासदार सायकलवर बसून संसदेत गेले. मधल्या काळात कितीतरी वेळा दोन्हीकडच्यांनी बैलगाड्या जुंपल्या, चुली मांडल्या, सिलिंडरला हार घातले. विरोधात असला की दरवाढ म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय, आणि सत्तेत आला की तीच दरवाढ म्हणजे आंतरराष्ट्रीय परिस्थिती! पालखीच्या रथाला आपली बैलजोडी लागावी म्हणून आपले शेतकरी अर्ज करतात, तो मान समजतात. या दुसऱ्या गाडीच्या बैलांना काय वाटत असेल? त्यांना एवढंच कळत असणार की ओझं तेच आहे, वर बसणारे बदललेत.

यावर कुणी म्हणेल, मग आंदोलन करायचंच नाही का? करायचं! डिझेल महागलं की आपल्या टँकरचा खर्च वाढतो, नांगरट महाग होते, ते खोटं नाही. भाव वाढल्यावर कुणीतरी बोललंच पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच, की बोलणाऱ्याला स्वतःचं कालचं बोलणं आठवत असावं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. माहितीचा अधिकार तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या महाराष्ट्रात त्यासाठी अण्णा हजाऱ्यांनी आंदोलनं केली, २००२ साली राज्याचा कायदा झाला. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झाला. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून कागद द्यायचा, की ग्रामपंचायतीने गटारीवर किती खर्च केला ते लिहून द्यावं लागतं. गावातल्या बायाबापड्यांनी हे अर्ज केले, रेशनचा हिशेब मागितला, घरकुलाची यादी मागितली. सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी सभेत सांगितलं, पारदर्शक कारभार पाहिजे, जनता मालक आहे.

मग कुणीतरी त्याच पक्षांना विचारलं, तुमचा हिशेब दाखवा. ३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगाने सांगितलं की काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट, या सहा पक्षांना हा कायदा लागू आहे. सहा आठवड्यांत माहिती अधिकारी नेमा. काय झालं असेल? जे सहाजण एरवी एका ताटात जेवायला तयार नाहीत, ते सहाही एका सुरात गप्प बसले. एकानेही अधिकारी नेमला नाही. ऑगस्टमध्ये पक्षांना या कायद्यातून वगळायचं विधेयकसुद्धा लोकसभेत मांडलं गेलं. ते पुढे पास झालं नाही, पण त्याची गरजही पडली नाही. २०१५ साली आयोगानेच कबूल केलं, की आमचा आदेश पक्का आहे, पण तो पाळायला लावायची ताकद आमच्यात नाही. म्हणजे ग्रामसेवकाने तीस दिवसांत माहिती दिली नाही तर त्याला दंड, आणि पक्ष वर्षानुवर्षं देत नाहीत, त्याचं काही नाही.

त्यानंतर २०१८ पासून निवडणूक रोखे आले. कुणी कुठल्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळायचं नाही, अशी ती रीत. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. याद्या बाहेर आल्या. सत्तेतल्या पक्षाला सगळ्यात जास्त, पण त्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या विरोधातल्या कितीतरी पक्षांनीही हात पुढे केलेला होता. मार्क्सवादी कम्युनिस्टांनी रोखे घेतले नाहीत आणि ते न्यायालयातही गेले. चांगलं ते चांगलं म्हणायला पाहिजे. पण माहितीच्या अधिकाराला दार लावणाऱ्या सहांत तेही होतेच.

आपली दिंडी काय करते? भिशी किती जमली, ज्वारी-गव्हाची पोती किती आली, सिलिंडर किती लागले, टँकरचं डिझेल किती, हे काल्याच्या दिवशी सगळ्यांपुढे वाचून दाखवते. शंभर वर्षांच्या वह्या आहेत. सुरुवातीच्या वहीत आणे-पै आहेत. कुणी अडाणी म्हातारी मधेच उठून विचारते, "तेल एवढं कसं लागलं रं?" तर तिला उत्तर द्यावं लागतं. आपल्या म्हातारीला जे मिळतं, ते एवढ्या मोठ्या देशाच्या मतदाराला मिळत नाही.

तिसरी गोष्ट बोलताना जीभ जड होते. कुठे एखाद्या लेकीवर अत्याचार होतो. सगळा मुलूख हळहळतो. पण काही पुढारी आधी बघतात, राज्य कुणाचं आहे? गुन्हेगार कुठल्या जातीचा, मुलगी कुठल्या जातीची? त्याचा गळ्यात पट्टा घातलेला फोटो कुणाबरोबर आहे? गणित जमलं की मोर्चा, मेणबत्त्या, राजीनाम्याची मागणी. गणित जमलं नाही की 'तपास चालू आहे, राजकारण करू नका.' तीच माणसं, दोन महिन्यांच्या अंतराने, दोन जिल्ह्यांत दोन भाषा बोलतात. त्या पोरीच्या आईने काय समजायचं? तिच्या दारात येऊन गेलेल्या गाड्यांपैकी किती गाड्या तारखेच्या दिवशी कोर्टात येतात? तिचा टाळ दुसऱ्याच कुणीतरी हिसकावून घेतला, हवा तेवढा वाजवला आणि टाकून दिला. समाज आरतीत असं कुणी केलं तर चोपदार त्याला उभा करील का?

आता तुम्ही म्हणाल, महाराज, पुढारी तसलेच. आपल्याला काय त्याचं? आपण आपलं नाम घ्यावं.

माउली, त्याचं आपल्यालाच आहे. ऐका.

आपल्या दिंडीत दोघे जण आहेत. नाव घेत नाही, आणि तुम्हीही माना वळवून बघू नका. बालपणापासून एका ओळीत चालले. एकाने चाल धरली की दुसऱ्याने उचलायची. एकाच्या पायाला फोड आला की दुसऱ्याने रात्री सुई-दोरा घेऊन बसायचं. २०१९ च्या विधानसभेला दोघे दोन पक्षांत. पारावर शब्दाला शब्द लागला. कुणाचा साहेब चोर, कुणाचा साहेब गद्दार. प्रकरण एवढं गेलं, की एकाच्या लेकीच्या लग्नाला दुसरा गेला नाही. त्या वर्षापासून एक ओळीच्या या टोकाला, एक त्या टोकाला.

आणि वर काय झालं? २४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला. २३ नोव्हेंबरच्या पहाटे एक शपथविधी झाला, तो चार दिवसही टिकला नाही. २८ नोव्हेंबरला दुसरं सरकार आलं, त्यात प्रचारात एकमेकांची लक्तरं काढणारे मांडीला मांडी लावून बसले. जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा फुटला, आणि पुन्हा नवी मांडी, नवे शेजारी. पक्षांतराला आळा घालायचा कायदा १९८५ पासून आहे, पण दुसऱ्याचे फुटले की तो कायदा प्राणाहून प्रिय, आणि आपल्याकडे आले की तो विचारांचा विजय! ज्या दोन साहेबांसाठी आपली ही दोन माणसं भांडली, ते साहेब आज एका मंत्रिमंडळात बसतात, एका ताटात जेवतात, एकमेकांच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावतात. आणि आपली माणसं? अजून एक या टोकाला, एक त्या टोकाला.

पुढाऱ्याचा संताप भाड्याचा होता, तो निवडणूक झाल्यावर परत गेला. आपल्या माणसाचा संताप खरा होता, तो घरात राहिला. सोंगी संताप खऱ्या माणसांची घरं मोडतो, म्हणून आम्हाला या शतकमहोत्सवात हे बोलावं लागलं. टीव्हीवाल्याचा खेळ संपतो, पण बांधावरचं वैर दोन पिढ्या चालतं.

मग आपण करायचं काय? तुकोबारायांच्या चरित्रातली एक गोष्ट सांगतो. घरात सावकारी होती. कर्जाची खतं होती. लोकांकडून येणं होतं. दुष्काळाने माणसं पार पिचलेली. तुकोबांनी सगळी खतं इंद्रायणीत टाकली असं आपण सांगतो, पण तसं नाही. धाकटे भाऊ कान्होबा म्हणाले, मला माझा वाटा पाहिजे. तुकोबांनी निम्मी खतं त्यांना दिली आणि फक्त आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत सोडली. केवढी मोठी गोष्ट आहे बघा! भावाला उपदेश करत बसले नाहीत, त्याचा निषेध केला नाही, भावाची खतं बुडवून स्वतःचं नाव केलं नाही. सावकारीचा राग होता, तो आधी स्वतःच्या तिजोरीवर काढला. आज कर्जमाफीवरून एकमेकांवर तोंडसुख घेणारे कितीजण आपल्या ताब्यातल्या कारखान्याचं, पतपेढीचं कपाट आधी उघडतील?

तेव्हा पुढाऱ्याचा संताप बघितला की तीन प्रश्न विचारायचे. घरी विचारा, सभेत विचारा, वारीच्या वाटेवर तो दोन मैल चालायला आला तर तिथेही 'माउली' म्हणून पाया पडून विचारा. हेच तुमच्या माणसाने केलं तेव्हा तुम्ही काय बोलला होता? यासाठी तुम्ही स्वतःचं काय सोडलं? आणि ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला न्याय मिळाल्यावर तुम्ही थांबणार का? उत्तर खरं आलं तर त्याच्या मागे खुशाल जा, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. सगळेच चोर म्हणून हात झटकणं हेही सोंगी लोकांच्याच पथ्यावर पडतं, कारण मग साने गुरुजी आणि सोंगाडे एकाच मापाने मोजले जातात.

आणि हे तीन प्रश्न मोबाइलवर आलेला संताप पुढे ढकलण्याआधी आपल्यालाही लावायचे. आपल्या जातीच्या, आपल्या पक्षाच्या, आपल्या भावकीच्या माणसाचं असतं तर आपण हे पुढे पाठवलं असतं का? नसतं, तर तिथेच पुसून टाकायचं.

कमिटीने या वर्षी तीन ठराव केलेत, ते आम्ही वाचून दाखवतो. एक, दिंडीच्या वाटेवर आणि या स्मरणिकेत कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो नाही. जाहिरात देतो म्हणून चार-पाच जण आले होते, त्यांना चहा पाजून नमस्कार केला. दोन, पुढारी दिंडीत आला तर त्याला श्रीफळ आणि हार नाही. टाळ द्यायचा आणि ओळीत उभं करायचं. आषाढीच्या महापूजेला मुख्यमंत्र्यांच्या शेजारी मान कुणाला मिळतो? दर्शनरांगेत उभ्या असलेल्या वारकरी जोडप्याला. मान रांगेत उभं राहणाऱ्याचा आहे, ही पंढरीची रीत आपण आपल्या दिंडीत पाळू. तीन, यंदापासून आपल्या दिंडीतही रोज मुक्कामाला, हरिपाठ झाल्यावर, ज्याची तक्रार असेल त्याने टाळ वाजवत राहायचं. विणेकरी बाबा ऐकतील, सगळ्यांपुढे निवाडा होईल, आणि त्यानंतर तो विषय पंढरीपर्यंत कुणी काढायचा नाही.

त्या दोघांना आमची हात जोडून विनंती आहे. पहिल्या मुक्कामाला तुम्ही टाळ वाजवा. एकाने वाजवा, नाहीतर दोघांनी वाजवा. तुमच्या साहेबांचं काय ते साहेब बघतील, त्यांना शपथविधी आहेत. तुम्हाला पुढच्या मुक्कामाला फोडावर सुई-दोरा फिरवणारा माणूस पाहिजे. शंभर वर्षं ही ओळ कुणी मोडली नाही, प्लेगात नाही, दुष्काळात नाही. ती फ्लेक्सवरच्या माणसांसाठी मोडू नका.

बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल तर लेकरू समजून पोटात घाला. पण प्रश्न मात्र विचारा.

बोला, पुंडलीक वरदा हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!